मेडिकलमध्ये ट्रेनी आला की काम वाढतं की कमी होतं?

डी.फार्म.च्या, म्हणजे फार्मसीच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला की आमच्या दुकानात एक ठरलेला प्रसंग घडतो. मुलगा किंवा मुलगी येते, सोबत वडील नाहीतर मामा. मामा बोलतो आणि मूल रॅककडे बघत उभं राहतं. "दादा, पोराचं ट्रेनिंग करायचंय. पगाराबिगाराचं काही नाही. नुसती सही झाली तरी चालेल."

शेवटच्या दोन वाक्यांतच सगळा घोळ आहे. पगार नाही म्हणजे ट्रेनी फुकट पडतो, असं दुकानदाराला वाटतं. नुसत्या सहीने भागतं, असं घरच्यांना वाटतं. मी बरीच वर्षं फार्मासिस्ट म्हणून काउंटरमागे उभा आहे आणि दरवर्षी एखाद-दोन ट्रेनी हाताखाली असतात. ट्रेनीमुळे दुकानाचं काम हलकं होतं की जड होतं, हा प्रश्न मला सहकारी दुकानदारही विचारतात. त्याचं उत्तर "अवलंबून आहे" असं देऊन सुटता येतं, पण कशावर अवलंबून आहे ते सांगितल्याशिवाय त्या उत्तराला अर्थ नाही.

आधी नियम बघू. डी.फार्म.ची दोन वर्षं संपली की ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण असतं आणि ते किमान तीन महिन्यांत पसरलेलं लागतं. त्यातले निदान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरची औषधं देण्यात जायला हवेत. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या १९९१ च्या नियमांत हे आकडे होते, २०२० च्या नव्या नियमांतही तेच राहिले. महिन्याचे २५ दिवस धरले तर ७५ दिवस, म्हणजे रोजचे साधारण पावणेसात तास. बी.फार्म.वाल्यांचं, म्हणजे पदवीच्या मुलांचं, वेगळं असतं. सहाव्या सत्रानंतर चार आठवड्यांत १५० तास, बस. फार्म.डी.चं, म्हणजे सहा वर्षांच्या डॉक्टरेट कोर्सचं, तिसरंच; त्यांचं सहावं वर्ष पूर्ण इंटर्नशिपचं, तेही हॉस्पिटलमध्ये.

दुसरा नियम जास्त महत्त्वाचा. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं, किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली ते दिलं जायला हवं. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतला ६५ वा नियम हे सांगतो. म्हणजे ट्रेनी कितीही हुशार असला, तरी त्याच्या हातून जाणारी प्रत्येक चिठ्ठी माझ्या डोळ्यांखालून जायला हवी. ट्रेनीची खरी किंमत इथे मोजावी लागते. तो पगार घेत नाही, पण माझा वेळ घेतो, आणि दुकानात तुटवडा माझ्याच वेळेचा असतो.

तपासायला किती वेळ, करायला किती वेळ

आता मुख्य मुद्दा. ट्रेनीला कुठलंही काम देताना मी एकच विचार करतो: हे काम त्याने केल्यावर मला ते तपासायला किती वेळ लागेल? करायला लागतो त्याहून बराच कमी लागत असेल, तर दुकानाचा फायदा. तेवढाच लागत असेल, तर फायदा शून्य. जास्त लागत असेल, तर नुकसान, मग तो फुकट काम करत असला तरी.

स्टॉकिस्टकडून, म्हणजे घाऊक पुरवठादाराकडून, आलेल्या मालाचं उदाहरण घेऊ. चाळीस ओळींचं बिल आहे. प्रत्येक ओळीचा बॅच नंबर, एक्स्पायरी, एमआरपी, नग आणि स्कीम बघून माल ताडून घ्यायचा, मग पर्चेस एंट्री करायची. मी एकट्याने केलं तर मधेमधे गिऱ्हाईक सांभाळत सहज तास जातो. ट्रेनीने केलं तर मी त्यातल्या पाच-सहा ओळी कुठल्याही उचलून बघतो आणि एकूण रकमेचा मेळ घेतो. पाच मिनिटांचं काम. चूक असेल तर ती मेळ घेतानाच वर येते.

नियर एक्स्पायरी काढण्याचंही तसंच. रॅकमधल्या एकेका खणातल्या स्ट्रिपा उलटून तारखा बघायच्या, आधी संपणारा माल पुढे लावायचा, तीन महिन्यांच्या आत संपणारा बाजूला काढायचा. कंटाळवाणं काम आहे आणि म्हणूनच ते मागे पडतं. मग एक दिवस पूर्ण डबा एक्स्पायर झालेला सापडतो, परत पाठवायची मुदतही गेलेली असते. ट्रेनी हे काम दुपारी दोन ते चार शांतपणे करतो. त्याने बाजूला काढलेला ढीग मला फक्त नजरेखालून घालायचा असतो.

२२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. रॅकवर जुन्या छापील किमतीचा माल, हातात कंपन्यांच्या नव्या दरांच्या याद्या, आणि काउंटरवर "पेपरात तर स्वस्त झालं म्हणून आलंय" म्हणणारी माणसं. त्या आठवड्यात ज्याच्याकडे कामाचा ट्रेनी होता, तो सुटला.

आता याच्या उलट बाजू. चिठ्ठी वाचणं.

चिठ्ठी वाचणं हे असं काम आहे की ते तपासायचं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून करायचं. ट्रेनीने चिठ्ठी वाचली, औषधं काढली, पुडीवर डोस लिहिला. मी काय करणार? चिठ्ठी वाचणार, औषधं बघणार, डोस बघणार. मी स्वतः केलं असतं तर नेमकं एवढंच केलं असतं. वेळ वाचला तो रॅकपर्यंत चालत जाण्याचा.

याचा धडा मला एका संध्याकाळी मिळाला. सांधेदुखीच्या पेशंटची चिठ्ठी होती. त्यात फोलिट्रॅक्स आणि फोलवाईट, खाली-वर लिहिलेलं. दोन्ही नावं 'फोल'ने सुरू होतात, दोन्ही छोट्या गोळ्या. फोलिट्रॅक्स म्हणजे मेथोट्रेक्सेट. संधिवातात ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर रक्तपेशी घटतात आणि जीवावर बेतू शकतं. फोलवाईट म्हणजे फॉलिक अॅसिड, पहिल्या गोळीचा त्रास कमी व्हावा म्हणून सोबत दिलेलं. गर्दी होती, म्हणून मी ट्रेनी मुलीला म्हटलं, "काढ आणि डोस लिहून टाक." तिने औषधं अगदी बरोबर काढली. दोन्ही पुड्यांवर सुंदर अक्षरात लिहिलं, 'रोज १, जेवणानंतर'. डॉक्टरांनी वार लिहिला होता, पण तो त्यांच्या अक्षरात, औषधाच्या नावाला चिकटून. बॅग पेशंटच्या मुलाच्या हातात गेली होती. मी सवयीने परत मागितली आणि उघडून बघितली, म्हणून निभावलं.

तिची चूक होती असं मी म्हणणार नाही. दहाव्या दिवशीच्या मुलीला "डोस लिहून टाक" म्हणणारा मी होतो. पण नुसता हिशोब म्हणून बघा. तिने वाचवलेली दोन मिनिटं, आणि मी ती बॅग परत मागितली नसती तर काय झालं असतं, या दोन गोष्टी एका तागडीत बसतच नाहीत.

आता नियमाकडे परत जा. ५०० पैकी २५० तास चिठ्ठीवर द्यायलाच हवेत. म्हणजे निम्मं ट्रेनिंग नियमानेच अशा कामावर घालायचं, जिथे दुकानाचा वेळ वाचत नाही. तो वेळ शिकवण्याचा आहे आणि त्याचा खर्च दुकानाने सोसायचा आहे. उरलेल्या २५० तासांत, माल उतरवण्यात, एक्स्पायरी काढण्यात, नोंदींमध्ये तो खर्च भरून निघतो. हे एकदा डोक्यात बसलं की ट्रेनीवर चिडचिड होत नाही, आणि त्याला चिठ्ठीजवळ फिरकूही न देता तीन महिने नुसती खोकी उचलायला लावणंही होत नाही. असं लावणारी दुकानं आहेत. आमच्या धंद्यातलं हे उघड गुपित आहे. त्याहून वाईट म्हणजे मामाला हवी तशी नुसती सही देणारी.

संध्याकाळचे सात

वेळेचं गणित आणखी एका बाजूने बघायला हवं. समजा, संध्याकाळी सात ते आठ या तासात १८ गिऱ्हाइकं येतात आणि प्रत्येकाला सरासरी तीन मिनिटं लागतात. ५४ मिनिटं भरली, सहा मोकळी राहिली. आता ट्रेनी शेजारी उभा आहे आणि प्रत्येक गिऱ्हाइकामागे एकच छोटा प्रश्न विचारतो. "सर, हे जेवणाआधी का?" वीस सेकंद. अठरा वेळा वीस सेकंद म्हणजे ३६० सेकंद, नेमकी ती सहा मिनिटं. तास काठोकाठ भरला. आता एखाद्या आजोबांनी सुट्ट्या पैशांची पुरचुंडी सोडली, किंवा कुणाचं ऑनलाइन पेमेंट अडकलं, की रांग जी लागते ती नऊपर्यंत हलत नाही. लांबलेली रांग बघून दोन जण समोरच्या दुकानात जातात आणि आपण म्हणतो, "ट्रेनीमुळे धंदा बुडाला."

तेच प्रश्न दुपारी तीनला विचारले तर? तासाला पाच गिऱ्हाइकं, पंधरा मिनिटांचं काम, पंचेचाळीस मिनिटं मी पेपर चाळतोय. तेव्हा पाच-पाच मिनिटांचे प्रश्नही फुकटात पडतात. म्हणजे प्रश्नाची किंमत घड्याळावर ठरते. म्हणून माझ्याकडे ट्रेनीच्या खिशात छोटी डायरी असते. गर्दीत प्रश्न डायरीत लिहायचा, दुपारी विचारायचा. पहिले दोन आठवडे तर मी संध्याकाळी त्याला काउंटरवर उभंच करत नाही. मागे बसून शॉर्टची, म्हणजे संपलेल्या-संपत आलेल्या औषधांची, वही भरायची, उद्याची ऑर्डर काढायची.

यामुळेच बी.फार्म.च्या १५० तासांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, निदान रिटेल दुकानाच्या बाजूने तरी. पहिल्या शंभर तासांत मूल रॅक ओळखायला शिकतं. ब्रँडचं नाव ऐकल्यावर हात योग्य खणाकडे जायला लागतो तेव्हा चौथा आठवडा उजाडलेला असतो. दुकानाने घातलेला वेळ वसूल व्हायला सुरुवात होते आणि मूल निरोपाचा पेढा घेऊन येतं. डी.फार्म.च्या मुलाचा दुसरा महिना साधारण बरोबरीचा असतो आणि तिसरा फायद्याचा. हे माझ्या दुकानाचं झालं. मोठ्या हॉस्पिटलच्या फार्मसीत, जिथे शिकवायला वेगळा माणूस असतो, तिथे गणित वेगळं पडेल.

आणखी एक माणूस या हिशोबात कुणी धरत नाही. काउंटरवरचा जुना पोरगा. आमच्याकडे जो आहे त्याला पंधरा वर्षं झाली, अंधारातही तो योग्य स्ट्रिप काढेल. फार्मासिस्ट मात्र नाही. ट्रेनीला रॅक तोच शिकवतो, आणि कायद्याच्या नजरेत सहा महिन्यांनी ट्रेनीच त्याच्या वरचा होतो. हे त्याला कळतं. एखाद्या वर्षी तो मनापासून शिकवतो, एखाद्या वर्षी मुद्दाम तोंड मिटून बसतो. त्याने तोंड मिटलं की माझा वेळ दुप्पट जातो. म्हणून ट्रेनी ठेवण्याआधी मी त्याला विचारतो. मामाशी बोलणं नंतर.

बिलात न दिसणारं काम

उत्पादकता म्हणजे तासाला किती बिलं फाडली, असं धरलं तर ट्रेनी बहुतेक वेळा तोट्यातच दिसेल. पण दुकानात अशी बरीच कामं असतात की जी व्हायला हवीत हे सगळ्यांना माहीत असतं, आणि वेळ नाही म्हणून ती होत नाहीत. ट्रेनी तिथे नवं काम उभं करतो.

रोटाहेलरचंच घ्या, म्हणजे कॅप्सूलमधली पावडर श्वासाने आत ओढायच्या यंत्राचं. दम्याच्या पेशंटला रोटाकॅप्सचा डबा आणि यंत्र दिलं, पैसे घेतले, संपलं. घरी जाऊन कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांना हसण्यात अर्थ नाही. कॅप्सूल दिसली की गिळायची, हे आपणच त्यांना आयुष्यभर शिकवलंय. नीट दाखवायचं तर कॅप्सूल कशी बसवायची, यंत्र कसं फिरवायचं, आधी श्वास पूर्ण बाहेर सोडायचा पण यंत्रात नाही, मग ओठ घट्ट लावून जोरात आत ओढायचा, दहा सेकंद धरायचा, स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरायची. आणि मग पेशंटकडून करवून घ्यायचं. सात-आठ मिनिटं जातात. संध्याकाळी माझ्याकडे ती नसतात, दुपारीही क्वचितच मनावर घेतलं जातं. ट्रेनीकडे ती असतात. त्याने चार पेशंटना माझ्यासमोर दाखवलं की पाचव्या वेळी मी नुसता कान देऊन ऐकतो. तपासायचा वेळ जवळजवळ शून्य, आणि जे काम आधी होतच नव्हतं ते व्हायला लागलं.

इन्सुलिन घेणाऱ्यांना तेच. ते २ ते ८ अंशांत ठेवायचं म्हणजे फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात नाही, हे एकदा शांतपणे सांगणारं माणूस हवं असतं. एच-१ या औषधयादीच्या रजिस्टरचंही तसंच. २०१४ पासून ठरावीक अँटिबायोटिक आणि झोपेच्या वगैरे औषधांची वेगळी नोंद ठेवावी लागते: डॉक्टर, पेशंट, औषध, नग. ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं असतं. गर्दीच्या दिवशी ते रात्री दहाला भरलं जातं, म्हणजे आठवून भरलं जातं. ट्रेनी असला की ते त्या-त्या वेळी भरलं जातं.

हॉस्पिटलमध्ये हे आणखी ठळक दिसतं. फार्म.डी.चे इंटर्न वॉर्डात जाऊन पेशंट घरी कुठली औषधं घेत होता ते विचारून घेतात आणि औषधाची रिअॅक्शन आली असेल तर तिची नोंद करतात. भारतात औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा कार्यक्रम २०१० पासून आहे, पण फॉर्म भरायला हात लागतात. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या हॉस्पिटलसारख्या ठिकाणी अमेरिकेत याची पद्धतशीर रचनाच केली गेली: वर अनुभवी फार्मासिस्ट, त्याच्या हाताखाली रेसिडेंट, म्हणजे शिक्षण संपवून तिथे पुढचं प्रशिक्षण घेणारा फार्मासिस्ट, त्याच्या हाताखाली विद्यार्थी. वरच्याने सगळ्यांना शिकवायचं नाही, प्रत्येकाने आपल्या खालच्याला शिकवायचं. त्यामुळे एका अनुभवी माणसाची नजर जास्त पेशंटपर्यंत पोचते. आपल्याकडच्या जुन्या तालमीत वस्ताद स्वतः प्रत्येक पोराला डाव दाखवत नव्हता, थोरली पोरं धाकट्यांना घ्यायची. तोच प्रकार.

माझ्या छोट्या दुकानात याची एक गरीब आवृत्ती मी करतो. दोन ट्रेनी असतील तर दुसऱ्याला महिनाभर उशिरा घेतो. दोघं एकाच दिवशी आले तर दोघंही मलाच विचारतात. एक महिन्याचं अंतर असलं की मालाचे आणि रॅकचे प्रश्न पहिल्याकडे जातात, माझ्याकडे फक्त औषधांचे येतात. दोनपेक्षा जास्त मात्र नाही. १९९१ च्या नियमांतच मर्यादा घातली होती: एक नोंदणीकृत फार्मासिस्ट असेल तर जास्तीत जास्त दोन शिकाऊ, आणि पुढच्या प्रत्येक फार्मासिस्टमागे एक. तो आकडा कुणी कागदावर ठरवला असेल असं मला आधी वाटायचं. एका वर्षी ओळखीपाळखीने तीन घेतले, करारपत्र दोघांचं, तिसरा नुसता 'बसायला'. तेव्हा कळलं. तिसऱ्याने काही बिघडवलं नाही, पण तिघं झाले की ते आपापसांत बोलायला लागतात आणि मला विचारायचं थांबतात. मला ते जास्त धोक्याचं वाटलं.

सहाव्या आठवड्यानंतर मी भूमिका उलटी करतो. औषधं मी काढतो आणि चिठ्ठीशी ताडून ट्रेनी बघतो. याने त्याचे २५० तासही भरतात आणि माझा वेळही जात नाही, कारण आता तपासण्याचा वेळ त्याचा आहे. त्याला सांगून ठेवलेलं असतं की माझी चूक सापडली तर चहा माझ्याकडून. पहिले काही दिवस मुलं लाजतात. मग एकदा मी ५०० ऐवजी १००० ची मेटफॉर्मिन काढतो, ट्रेनी मुलगी हळूच म्हणते, "सर, हे..." आणि चहा येतो. वर्षाकाठी असे किती चहा होतात ते मी सांगणार नाही. शून्य नाहीत.

फोलवाईटवाली मुलगी, तिचा शेवटचा आठवडा. दुपारी मी जेवायला घरी गेलो होतो, घर मागच्याच गल्लीत. तेवढ्यात एक माणूस मोठी चिठ्ठी घेऊन आला. तिला त्यातलं सगळं वाचता येत होतं, सगळं रॅकवर होतं. ती म्हणाली, "सर जेवायला गेलेत, दहा मिनिटं बसा, मी फोन करते." तो म्हणाला, "तुला येत नाही का?" ती म्हणाली, "येतं. पण देता येत नाही." तो समोरच्या दुकानात गेला. मी आलो तेव्हा तिने तोंड बारीक करून सांगितलं, "सर, आठशेचं तरी बिल गेलं." काउंटरवरच्या पोराने माझ्याकडे बघितलं. मी तिला चहा सांगितला.